वाचक विचारतात : ओपन सोर्स फोनचा पैसा आणि प्रचार

मागच्या अंकात ओपन सोर्स फोनबद्दल, म्हणजे ज्याची प्रणाली आणि शक्य तितका आराखडाही सगळ्यांना खुला असतो अशा फोनबद्दल, मी जेमतेम दोन ओळी लिहिल्या होत्या. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सदर त्यालाच द्यावं लागलं. फोन बनवायचा कसा, हे फार थोड्यांनी विचारलंय. बहुतेकांचा प्रश्न पैशाचा आहे आणि उरलेल्यांचा गिऱ्हाइकाचा.

प्र. आम्ही पाच जण मिळून एक ओपन सोर्स फोन बनवतो आहोत. बोर्ड चालतो, कॉल लागतो, लिनक्सवर आधारलेली आमची प्रणाली सुरू होते. आता एक हजार फोन काढायचे आहेत आणि त्यासाठी क्राउडफंडिंग करायचं, म्हणजे लोकांकडून आगाऊ पैसे गोळा करायचं, ठरलं आहे. किंमत ४०० डॉलर धरली आहे. उद्दिष्ट किती ठेवावं यावर आमचं एकमत होत नाही. दोघं म्हणतात कमी ठेवू, चटकन पार होईल, बातमी होईल. बाकीचे म्हणतात खरा खर्च असेल तेवढंच ठेवू.

उ. खरा खर्च असेल तेवढंच. आणि तो तुम्हाला वाटतो त्याहून बराच जास्त आहे. पत्रासोबत पाठवलेला तक्ता पाहिला. माझी उमेदीची वर्षं इलेक्ट्रॉनिक मालाच्या खरेदी विभागात गेली, त्यामुळे स्क्रूपर्यंत उतरलेली भागांची यादी पाहिली की मला बरं वाटतं. पण या तक्त्यात एकाही माणसाचा पगार नाही.

तुमचेच आकडे घेऊ. एक हजार फोन, प्रत्येकी ४०० डॉलर, झाले ४ लाख. ते सगळे हातात येत नाहीत. किकस्टार्टर हे असे पैसे गोळा करून देणारं संकेतस्थळ ५ टक्के घेतं, पैसे वळते करण्याचा आकार वेगळा, चलनबदल आणि न वठलेली कार्डं वेगळी. मी ९ टक्के सोडून देते, म्हणजे ३६ हजार गेले. सुटे भाग तुमच्या यादीप्रमाणे २२० डॉलर, जुळणी आणि तपासणी २५, पाठवणी २०, परत येणाऱ्या फोनांपोटी नगामागे १२. (परत येणारच. शंभरात पाचच आले तर कारखाना चांगला मिळाला म्हणायचं.) नगामागे २७७, एकूण २ लाख ७७ हजार. मग एकदाच करायचे खर्च : कवचाचे साचे ४० हजार, रेडिओ आणि सुरक्षिततेच्या चाचण्यांचे दाखले ३० हजार. हे दोन आकडे मी अंदाजाने आणि हात आखडून धरले आहेत. मोडेमचं, म्हणजे मोबाइल नेटवर्कशी जोडणाऱ्या भागाचं, तयार आणि आधीच दाखले मिळालेलं मोड्यूल घ्याल तरच ते एवढ्यावर थांबतील. याआधीच्या ओपन सोर्स फोनांपैकी पाइनफोनने क्वेक्टेल कंपनीचं ईजी२५-जी मोड्यूल घेतलं, लिब्रेम ५ ने मोडेम वेगळ्या कार्डावर ठेवला, त्यामागे हेही एक कारण असावं.

करा वजाबाकी. उरतात १७ हजार डॉलर, तेही कर भरायच्या आधी. तेवढ्यावर पाच जणांनी जगायचं, फोन पोहोचल्यावर येणाऱ्या तक्रारी निस्तरायच्या आणि पुढची तीन वर्षं सुरक्षा अपडेट द्यायची!

यातून दोन वाटा निघतात. हजारच फोन काढून किंमत ५५० करा, की हाच हिशेब दीड लाखाच्या वर शिल्लक दाखवतो. किंवा किंमत ४०० च ठेवून तीन हजार फोन काढा. मग १ लाख ९१ हजार उरतात, पण तीन हजार गिऱ्हाइकं आधी सापडायला हवीत. मी पहिली वाट धरेन. असा फोन घेणारे पहिले हजार लोक स्वस्त आहे म्हणून येत नाहीत. ५५० म्हटल्यावर त्यातले थोडे गळतील, पण पुढचे दोन हजार कुठून आणणार?

आता उद्दिष्ट कमी ठेवायचा मुद्दा. समजा तीनशे फोनांइतकं, १ लाख २० हजारांचं ठेवलं आणि जेमतेम तेवढंच जमलं. बातमी झाली. साचे आणि दाखले यांचे ७० हजार मात्र तेवढेच राहिले. वरच्याच दराने मांडून बघा, ४४ हजारांची खोट येते. उद्दिष्ट पार झाल्यामुळे पैसे खात्यात आले, शब्द दिला गेला, आणि आता प्रत्येक फोनमागे तुम्ही पदरचे दीडशे डॉलर घालताय. ठरलेली रक्कम न जमल्यास सगळ्यांचे पैसे परत, ही अट म्हणूनच फार मोलाची. ती पैसे देणाऱ्यासाठी असते असं सगळे समजतात. मला विचाराल तर ती बनवणाऱ्याला जास्त वाचवते.

उबंटू एज हा फोन आठवत असेल. उबंटू ही लिनक्स प्रणाली बनवणाऱ्या कॅनॉनिकल कंपनीने जुलै २०१३ मध्ये इंडिगोगो या किकस्टार्टरसारख्याच संकेतस्थळावर ३ कोटी २० लाख डॉलरचं उद्दिष्ट ठेवलं, ४० हजार फोनांसाठी, म्हणजे सरासरी ८०० डॉलर. पहिल्या दिवशी फोन ६०० डॉलरला, मग ८३० ला, मग मधल्या पायऱ्या, शेवटी ६९५. महिन्याभरात १ कोटी २८ लाख डॉलरचे शब्द मिळाले, त्या काळी हा विक्रमच होता, आणि तरी मोहीम फसली. सगळ्यांना पैसे परत गेले. लोक याला अपयश म्हणतात. फोन निघाला नाही हे खरंच. पण कुणाचा एक डॉलरही अडकला नाही आणि कंपनी अर्धवट कारखाना गळ्यात बांधून बसली नाही. अशी फसलेली मोहीम परवडते.

उद्दिष्टापेक्षा मला तुमच्या मसुद्यातली तारीख जास्त टोचली. ‘दहा महिन्यांत घरपोच’ असं तुम्ही लिहिलंय. प्युरिझमने लिब्रेम ५ ची मोहीम ऑगस्ट २०१७ मध्ये सुरू केली. उद्दिष्ट १५ लाख डॉलर, फोन ५९९ ला, माल जानेवारी २०१९ मध्ये. २० लाखांच्या वर रक्कम जमली, म्हणजे पैशाच्या बाजूने मोहीम यशस्वी. पण फोनसाठी न बनलेली चिप घ्यायची, तिची उष्णता आणि वीजखर्च आटोक्यात आणायचा, मोडेम वेगळा ठेवायचा, आणि वर डेस्कटॉपची लिनक्स प्रणाली फोनच्या पडद्यावर बसवायची, हे सगळं एकदम हाती घेतलं होतं. पहिले थोडे फोन सप्टेंबर २०१९ मध्ये निघाले, झाडांची नावं दिलेल्या छोट्या छोट्या तुकड्यांनी. ‘एव्हरग्रीन’ नावाच्या मोठ्या तुकडीला नोव्हेंबर २०२० उजाडला. एवढ्या उशिरात कंपनीचं नाव किती झिजलं ते जुनी चर्चा वाचलीत की कळेल. लोकांनी एक वेळ जाड फोन चालवून घेतला, जानेवारी मात्र विसरले नाहीत.

तेव्हा तारीख देऊ नका, टप्पे द्या. बोर्डाची पुढची आवृत्ती हाती आली की पुढचा हप्ता, दाखला मिळाला की त्याची प्रत सगळ्यांसमोर. तारीख द्यायचीच असेल तर तुमच्यातला सगळ्यात निराशावादी माणूस शोधा, तो सांगेल ती द्या.

प्र. एका ओपन सोर्स फोनसाठी मी पूर्ण रक्कम आगाऊ भरली. फोन नाही, पैसेही नाहीत. ‘लवकरच’ एवढंच उत्तर येतं. कंपनीचं नाव लिहीत नाही. काय करावं?

उ. आधी हे बघा की तुम्ही वस्तू विकत घेतलीत की वर्गणी दिलीत. किकस्टार्टरने २०१२ मध्येच जाहीर केलं की आम्ही दुकान नाही. कंपनीच्या स्वतःच्या विक्रीपानावर ‘आगाऊ नोंदणी’ केली असेल तर ती बहुतेक ठिकाणी विक्रीच ठरते आणि परताव्याचा हक्क जास्त पक्का असतो. पैसे भरले त्या दिवशीच्या अटी शोधून काढा. आज पानावर दिसणाऱ्या अटी बदललेल्या असू शकतात. जुन्या पानांचा संग्रह ठेवणारी संकेतस्थळं आहेत, तिथे मिळतील. मग ऑर्डर क्रमांक, तारीख आणि त्या अटीचा उतारा देऊन लेखी परतावा मागा, मुदत घालून. कार्डाने भरले असतील तर बँकेकडेही तक्रार करता येते, पण तिची मुदत असते आणि तुमच्या बाबतीत ती उलटून गेली असण्याची भीती आहे.

फोन मिळेल का, याचा माग मात्र ओपन सोर्स प्रकल्पात काढता येतो, आणि हा फायदा कुणी वापरत नाही. कोडचं भांडार उघडा. गेल्या तीन महिन्यांत कुणी काय बदललं ते तिथे दिसतं. पडद्याच्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे पडदा चालवणाऱ्या कोडमध्ये, बॅटरीच्या चार्जिंगमध्ये बारीकसारीक दुरुस्त्या चालू असतील तर कुणीतरी हातात खरा फोन घेऊन बसलंय. फक्त संकेतस्थळाचे रंग बदलत असतील, तर परताव्याच्या मागे लागा.

योला या फिनिश कंपनीच्या टॅबलेटचं उदाहरण लक्षात ठेवा. २०१४ च्या नोव्हेंबरात ३ लाख ८० हजार डॉलर मागितले, ते काही तासांत पार झाले, आणि मोहीम १८ लाखांच्या वर गेली. वर्षभराने कंपनीच पैशाच्या चणचणीत सापडली. थोड्यांना टॅबलेट मिळाला, बहुतेकांना नाही. परतावाही अर्धा आधी आणि उरलेला पैसे असतील तसा, असा ठरला. माणसं अप्रामाणिक नव्हती. आधी वाट पाहू म्हणणारे रांगेत मागे राहिले, एवढंच.

प्र. आमचा फोन तयार आहे, दीडशे नग पडून आहेत. जाहिरातीला पैसे नाहीत. ‘तुमचा खासगीपणा जपणारा फोन’ म्हणून पोस्ट टाकतो, लाइक भरपूर येतात, ऑर्डर येत नाहीत. ताई, आमचं कुठे चुकतंय?

उ. खासगीपणा आज सगळेच जपतात! तुमची माहिती विकून खाणारेसुद्धा जाहिरातीत तेच म्हणतात. हे वाक्य ऐकून कुणी पाकिटाला हात घालत नाही.

तुमच्या फोनला मोडेम बंद करायचा खटका आहे ना? मग तो दाखवा. पाइनफोनच्या मागच्या झाकणाखाली सहा बारीक खटके आहेत, नखाने किंवा काडीने सरकवायचे. लिब्रेम ५ ला कडेलाच तीन आहेत, आणि तिन्ही बंद केले की जीपीएस आणि इतर सेन्सरही झोपतात. तुम्ही असं करा : फोनवर टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडा, जोडलेल्या भागांची यादी दाखवणारी एलएसयूएसबी आज्ञा द्या, यादीत मोडेमची ओळ दिसू द्या. आता कॅमेऱ्यासमोर खटका सरकवा आणि तीच आज्ञा पुन्हा द्या. ओळ गेलेली असेल. वीस सेकंदांचं चित्रण, पार्श्वसंगीत नको, वर अक्षरं नकोत. ज्यांना ती ओळ गेल्याचा अर्थ कळतो तेच तुमचे दीडशे गिऱ्हाईक आहेत. ज्यांना कळत नाही त्यांना फोन विकलात तर आठवड्याने तो परत येईल.

दुसरं, तुमच्या विक्रीपानावर काय चालत नाही हे कुठेच लिहिलेलं नाही. ते सगळ्यात वर हवं. पोस्टमार्केटओएस या फोनसाठीच्या लिनक्स प्रणालीच्या विकीवर प्रत्येक फोनचा तक्ता असतो : कॉल, कॅमेरा, जीपीएस, ब्लूटूथ, प्रत्येकासमोर चालतं, अर्धवट चालतं किंवा चालत नाही. तसाच तक्ता तुमच्या पानावर लावा. बँकेचं अ‍ॅप चालत नसेल तर ‘काही अ‍ॅपना मर्यादा आहेत’ असं गोलमोल लिहू नका. फोनवर गूगलने मान्य केलेली प्रणाली आहे का, हे अनेक अ‍ॅप तपासतात, ती नसेल तर उघडतच नाहीत, आणि यात तुम्ही काही करू शकत नाही, हे जसंच्या तसं लिहा. रात्रभर बॅटरी टिकत नसेल तर तेही. यामुळे ऑर्डर कमी होतील अशी भीती वाटेल. कमी होतील ती नंतर परत आली असती अशी ऑर्डर.

पाइनफोन काढणाऱ्या पाइन६४ ने हे फार हुशारीने केलं. जानेवारी २०२० मध्ये पाइनफोनची पहिली तुकडी १४९ डॉलरला निघाली, तिचं नावच ‘ब्रेव्हहार्ट’. फोनमध्ये कारखान्यातल्या चाचणीपुरतं सॉफ्टवेअर, बाकी प्रणाली तुमची तुम्ही घाला. वॉरंटी ३० दिवस. पडद्यावर एखाददुसरा ठिपका मेलेला असेल तर तक्रार करू नका, हेही आधीच लिहिलेलं. एवढं वाचूनही ज्याने पैसे भरले तो फोनची चूक काढत बसत नाही, दुरुस्ती पाठवतो. अर्थात १४९ डॉलरला हे चालून गेलं. ५५० डॉलर घेऊन ३० दिवसांची वॉरंटी द्याल तर लोक जोडे हाणतील.

फोनची परीक्षणं लिहिणाऱ्या मोठ्या वाहिन्यांना नग पाठवू नका. ते कॅमेरा तोलणार. २००८ च्या जुलैमध्ये ओपनमोकोचा निओ फ्रीरनर हा ओपन सोर्स फोन बाजारात आला, ३९९ डॉलरला. कॅमेरा नाही, थ्रीजी नाही. त्याच महिन्यात थ्रीजीवाला आयफोन आला. ज्याने दोन्ही शेजारी ठेवले त्याच्यापुरता निकाल तिथेच लागला. माझ्याकडे अजून एक फ्रीरनर आहे. त्यातला गुणगुणाट, म्हणजे कॉलमध्ये समोरच्याला ऐकू जाणारी रेडिओची घरघर, घालवायला माइकच्या बाजूला एक कपॅसिटर डकवावा लागतो, आणि हे काम लोक एकत्र जमून, एकमेकांचे फोन उघडून करत. आराखडा खुला असल्यामुळे ते करता आलं. अशा लोकांपर्यंत पोहोचायचं तर त्यांच्या परिषदांमध्ये टेबल मांडा, फोनचं झाकण उघडं ठेवा आणि शेजारी स्क्रूड्रायव्हर ठेवा.

आणखी एक गिऱ्हाईक तुम्ही विचारात घेतलेलं दिसत नाही : संस्था. उबंटू एजच्या फसलेल्या मोहिमेतही ब्लूमबर्ग या वित्तीय माहिती पुरवणाऱ्या कंपनीने ८० हजार डॉलरचा शंभर फोनांचा संच नोंदवला होता. सुरक्षा तपासणाऱ्या प्रयोगशाळा, पत्रकारांना साधनं पुरवणाऱ्या संस्था, विद्यापीठांचे दूरसंचार विभाग यांना पाच-दहा नगांचा संच, त्यासोबत आराखडा समजावणारा एक दिवसाचा वर्ग असं देऊन पाहा. दीडशे नग म्हणजे अशा पंधरा ते तीस संस्था.

किमतीवरून लोक घासाघीस करत असतील तर हिशेबच छापा. नेदरलँड्सच्या फेअरफोन कंपनीने २०१३ मध्ये पहिला फोन ३२५ युरोला काढला तेव्हा त्यातला कुठला युरो कशावर गेला हे जाहीर केलं. मला तरी त्या कंपनीची ती सगळ्यात चांगली जाहिरात वाटली.

प्र. फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाकडे पैसा होता, नाव होतं, मोबाइल कंपन्या सोबत होत्या. तरी त्यांच्या फायरफॉक्स ओएस या प्रणालीचे फोन चालले नाहीत. मग आमच्यासारख्यांनी प्रयत्न तरी का करावा?

उ. तुमच्याकडे पैसा नाही म्हणून. मोझिला २०१३ मध्ये सगळ्यात स्वस्त फोनांच्या बाजारात उतरली, पुढच्या वर्षी २५ डॉलरच्या फोनची भाषा सुरू झाली. त्या किमतीत नफा लाखोंनी नग खपले तरच दिसतो आणि गिऱ्हाईक असं असतं की त्याला ओपन सोर्सशी देणंघेणं नाही, व्हॉट्सअ‍ॅप हवं. ते अधिकृतपणे आलंच नाही. डिसेंबर २०१५ मध्ये मोझिलाने मोबाइल कंपन्यांमार्फत फोन विकणं थांबवायचं जाहीर केलं. गंमत म्हणजे त्याच कोडमधून फुटलेल्या कायओएसवर जिओफोन निघाला, २०१८ मध्ये त्याला व्हॉट्सअ‍ॅप मिळालं, आणि तो धो धो खपला. कोड वाया गेला नाही, गिऱ्हाईक चुकलं होतं. तुम्हाला लाखभर गिऱ्हाईक लागतच नाहीत, हजार लागतात. ते मोझिलापेक्षा तुम्हाला सोपं आहे.

प्र. गुंतवणूकदार पहिलाच प्रश्न विचारतात : आराखडा खुला ठेवलात तर उद्या दुसरा कुणी तोच फोन काढेल, मग तुमच्याकडे काय उरलं? काय उत्तर द्यावं?

उ. ओपनमोकोने मार्च २००८ मध्ये कवचाच्या रेखाटनांच्या फायली खुल्या केल्या, नंतर सर्किटचे आराखडेही. नक्कल करणाऱ्यांची झुंबड उडाली नाही. का? नक्कल करायला साचे, दाखले, पुरवठादाराकडची उधारी आणि हजार नगांची आगाऊ रक्कम लागते, आणि ती ज्याच्याकडे आहे तो जास्त खपणारा फोन काढतो. गुंतवणूकदाराला सांगा की आराखडा खुला आहे, नाव खुलं नाही. नावाची आणि बोधचिन्हाची नोंदणी आजच करा. कुणी तुमचा बोर्ड बनवला तरी तुमच्या नावाने विकता येणार नाही.

पण खरं सांगू का, हा प्रश्न पहिलाच विचारणारा गुंतवणूकदार तुमचा नाहीच. पाच वर्षांत दहापट परतावा हवा असलेल्याच्या पैशावर असा फोन चालत नाही. दुसऱ्या वर्षी तो म्हणेल अ‍ॅपचं दुकान आपलंच करू, तिसऱ्या वर्षी म्हणेल बूटलोडर बंद करू, म्हणजे फोनमध्ये दुसरी प्रणाली घालताच येणार नाही. नको म्हणायची ताकद ठेवायची असेल तर आगाऊ ऑर्डरी, अनुदान आणि परत करता येईल एवढं छोटं कर्ज, यावर भागवा. चिप निवडताना मात्र त्या गुंतवणूकदाराने न विचारलेला प्रश्न तुम्ही स्वतःला विचारा : या चिपचा सोर्स कोड उद्या मिळेल का? पहिल्या फेअरफोनमध्ये मीडियाटेकची चिप होती, तिच्यासाठी लागणारा कोड हाती नव्हता, आणि फोन अँड्रॉइड ४.२ वरून अधिकृतपणे पुढे सरकलाच नाही. दुसऱ्या फेअरफोनला, म्हणजे २०१५ च्या, २०२३ पर्यंत अपडेट मिळत राहिली. आराखडा खुला ठेवल्याने होतं त्याहून जास्त नुकसान बंद चिप करते.

प्र. मी फोनच्या प्रणालीवर फावल्या वेळात काम करते. फोन दुसरेच विकतात, पैसे त्यांना मिळतात. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना पैसे मिळण्याचा काही सरळ मार्ग आहे का?

उ. सरळ नाही, पण मार्ग आहेत. तुमची तक्रार मात्र अगदी खरी. प्युरिझमने लिब्रेम ५ साठी पगारी माणसं ठेवून फोश नावाचं, फोनच्या पडद्यावर दिसणारं सगळं सांभाळणारं सॉफ्टवेअर आणि लिबहँडी नावाचा, अ‍ॅप बनवताना वापरायच्या तयार कोडचा संच लिहून घेतला. ते पाइनफोनवरही चाललं, लिबहँडीतून पुढे लिबअ‍ॅडवेटा झालं आणि आज तो ग्नोम या लिनक्सवरच्या डेस्कटॉपचा पाया आहे. खर्च एकाने उचलला, वापर सगळ्यांनी केला. परवानाच तसा आहे, त्यामुळे कुणाची चूक नाही. पण म्हणूनच ५९९ डॉलरचा फोन महाग पडला आणि १४९ चा स्वस्त.

पाइन६४ ने त्यावर अर्धा उपाय काढला होता. यूबीपोर्ट्स, पोस्टमार्केटओएस, मांजारो, केडीई आणि मोबियन या सॉफ्टवेअर प्रकल्पांच्या नावाने पाइनफोनच्या एकेक आवृत्ती काढल्या आणि प्रत्येक फोनमागे १० डॉलर त्या त्या प्रकल्पाला दिले. झाकणावर प्रकल्पाचं चिन्ह होतं, त्यामुळे प्रचारही झाला. दहा डॉलरमध्ये कुणाचं घर चालत नाही हे उघड आहे, पण रक्कम आधी ठरलेली आणि जाहीर होती. तुम्ही ज्या विक्रेत्याच्या फोनवर काम करता त्याला हेच लेखी मागा. विक्रीच्या आधी मागा, नंतर कुणी देत नाही.

देणग्यांचं म्हणाल तर महिन्याला थोडी थोडी येणारी देणगी एकदाच आलेल्या मोठ्या रकमेपेक्षा बरी. ओपन कलेक्टिव्हसारख्या ठिकाणी आलेला आणि गेलेला प्रत्येक पैसा सगळ्यांना दिसतो. देणगी मागताना ‘प्रकल्पाला हातभार लावा’ असं लिहिलंत तर कुणी लावणार नाही. ‘झोपलेला फोन कॉल आल्यावर जागा व्हायला जो वेळ लागतो तो कमी करायचा आहे, दोन महिन्यांचं काम आहे, एवढे पैसे लागतील’ असं लिहा. ज्याचे कॉल चुकलेत तो देईल.

अनुदानं त्याहून भक्कम. नेदरलँड्समधली एनएलनेट ही संस्था युरोपीय आयोगाच्या पैशातून मोकळ्या सॉफ्टवेअर-हार्डवेअरच्या कामांना साधारण ५ ते ५० हजार युरोंची अनुदानं देत आली आहे. पोस्टमार्केटओएससारख्या मोबाइल प्रणालींच्या कामालाही तिथून पैसे मिळालेत. झिरोधाने ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केलेला फ्लॉस फंड वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत वाटतो, एका प्रकल्पाला १० हजार ते १ लाख डॉलर. त्यासाठी आपल्या प्रकल्पाच्या ठिकाणी गरजेची माहिती देणारी एक ठराविक साच्याची फाइल ठेवावी लागते.

एनएलनेटकडे पैसे काम पूर्ण झाल्यावर टप्प्याटप्प्याने मिळतात, तेव्हा अर्जातले टप्पे छोटे करा. ‘मोडेमची जोडणी सुधारणे, २० हजार युरो’ हा एक टप्पा नको, त्याचे पाच करा : जागं होण्यातली दिरंगाई मोजणे, ती मोजायची चाचणी सगळ्यांना खुली करणे, कर्नलमधली, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यातली, दुरुस्ती, ती मुख्य कर्नलमध्ये स्वीकारली जाणे, दस्तऐवज. यातला चौथा तुमच्या हातात नाही. दुरुस्ती स्वीकारायची की नाही हे कर्नलचे देखभालकर्ते ठरवतात आणि त्यांना घाई नसते. त्यामुळे त्या टप्प्यासमोर ‘स्वीकारली जाणे’ लिहू नका, ‘पाठवणे आणि आलेल्या शेऱ्यांप्रमाणे तीन वेळा सुधारून देणे’ असं लिहा, म्हणजे पैसे तुमच्या कामावर मिळतील.